पोफळीचें पंजाबी मटण

आजचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींजणांना नवल वाटलें असेल. ज्यानें आयुष्यभर मुलांना पाढे आणि शुद्धलेखन शिकविलें, अशा साठी उलटलेल्या मास्तरानें नभोवाणीवर बोलावें तें सदाचरणावर, व्यायामावर, फार तर शिमग्याच्या चालीरीतींवर. मटणाच्या रश्श्यावर बोलणें त्याच्या वयाला शोभत नाहीं, असें आमच्या घरांतून मला बजावण्यांतहि आलें आहे. परंतु ज्या पदार्थाभोंवतीं चार माणसें एकत्र बसतात, त्या पदार्थाची हकीकत थोडीबहुत त्या माणसांचीहि असते, आणि ती सांगावी असा माझा हेतु आहे. जे शाकाहारी असतील त्यांनीं मधला भाग गोड मानून घ्यावा. पुढें त्यांच्याहि उपयोगाचें कांहीं येईल.

पोफळी हें गांव रत्नागिरी जिल्ह्याच्या चिपळूण तालुक्यांत, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशीं आहे. नांव सुपारीच्या झाडाचें असलें, तरी महाराष्ट्र त्याला ओळखतो तो विजेमुळें. घाटमाथ्यापलीकडे कोयना नदीला बांध घातला, तिचें पाणी बोगद्यानें सह्याद्रीच्या पोटांतून पश्चिमेकडे आणलें, डोंगराच्या आंत कोरलेल्या वीजगृहांत तें उंचावरून सोडलें, आणि १९६२ सालीं येथून वीज निघूं लागली. जें पाणी कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जावयाचें, तें आमच्या गांवाशीं उतरून वाशिष्ठी नदीवाटे अरबी समुद्राला जातें. भूगोलाच्या तासाला मुलांना हें सांगतांना मला नेहमीं गंमत वाटे.

पाण्याबरोबर माणसांचेहि प्रवाह वळले. सुरुंग लावणारे, यंत्रें चालविणारे, गवंडी, सुतार, मालमोटारी हांकणारे असे नाना प्रांतांचे लोक या डोंगराच्या कुशींत येऊन राहिले. माझें बालपण त्याच काळांतलें. घरीं कोंकणी वळणाची बोली, शाळेंत पुस्तकी मराठी आणि रस्त्यावर आणखी तीन-चार भाषा, अशी आमच्या कानांची खिचडी होत असे. पंजाबी मनुष्य मीं पहिल्यानें पाहिला तो घाट उतरून आलेल्या मालमोटारीखालीं उताणा पडून कांहीं तरी दुरुस्त करणारा. मोटारीखालून त्याचे पाय तेवढे दिसत होते, आणि फेटा शेजारच्या दगडावर नीट ठेवलेला होता.

मी ज्याविषयीं बोलणार आहें तो ढाबा याच चिपळूण-कराड रस्त्यावर आहे. त्याचें नांव सांगत नाहीं; येथून कोणाच्या धंद्याची जाहिरात करणें बरें नव्हे. मौज अशी कीं त्याचा मालक पंजाबी नाहींच. आमच्याच तालुक्यांतल्या कुणब्याचा तो मुलगा. कोंकणांतलीं मुलें पोटासाठीं मुंबई गांठतात तशी त्यानेंहि गांठली. मात्र गिरणी किंवा गोदी न धरतां तो शीव कोळीवाड्यांत एका सरदारजींच्या भटारखान्यांत भांडीं घासावयास राहिला. १९४७ च्या फाळणींत घरेंदारें सोडून आलेल्या पंजाबी कुटुंबांना मुंबईंत जेथें लष्करी बराकींतून आसरा मिळाला, तें हें ठिकाण. आज तेथल्या रेल्वे स्थानकाला गुरु तेग बहादूर नगर असें नांव आहे. कोळंबी तळण्याचा जो प्रकार ‘कोळीवाडा’ या नांवानें उपाहारगृहांतून मिळतो, तो कोळी बांधवांचा आहे असा पुष्कळांचा समज असतो. पण तो याच निर्वासितांच्या कढईंतून निघाला असें सांगतात. दिल्लींतहि हेंच झालें. पेशावराकडून आलेल्या मंडळींनीं १९४७ सालीं दर्यागंजांत ‘मोती महल’ काढलें, आणि तंदूर हें काय प्रकरण आहे हें राजधानीला कळलें. पंजाबच्या खेड्यांत तंदूर सामाईक असे. संध्याकाळीं शेजारणी आपआपली कणीक घेऊन तेथें जमत आणि रोट्या भाजून नेत. जी वस्तु एका घराच्या मालकीची नव्हती ती अशी बाजारांत आली. पुढें मालमोटारींबरोबर ती रस्त्यारस्त्यांवर पसरली, कारण मालमोटार हांकणारांत शीख पुष्कळ, आणि आपल्या जेवणाशिवाय त्यांचें चालत नसे. ढाबा हा शब्द मराठींत येऊन स्थिरावला तो त्यांच्यामुळेंच.

आतां मटण या शब्दाचा घोळ आधीं उलगडला पाहिजे. हा शब्द इंग्रजांनीं फ्रेंचांकडून घेतला, आणि त्याचा मूळ अर्थ मेंढी. आपल्या देशांत येऊन तो बोकडाला चिकटला. विलायतेंतल्या पंजाबी खाणावळींतून ‘लॅम्ब’ म्हणून जें मिळतें तें वर्षाच्या आंतलें कोंकरूं; आमच्याकडे ‘मटण’ मागितलें तर बहुधा बोकडच पानांत पडतो. कारण उघड आहे. २०१९ च्या पशुगणनेंत देशांत शेळ्या सुमारें १४ कोटी ८९ लाख आणि मेंढ्या सुमारें ७ कोटी ४३ लाख भरल्या, म्हणजे मेंढीला दोन शेळ्या पडल्या. त्यांतून कोंकणचा पाऊस मेंढीला सोसत नाहीं. लोकर भिजते, खूर कुजतात. म्हणून पावसाळा सरला कीं देशावरचे धनगर आपले कळप घेऊन घाट उतरतात, खतासाठीं लोकांच्या शेतांत मेंढ्या बसवितात आणि मृगापूर्वीं परत घाट चढतात. या चार-सहा महिन्यांतच आमच्या मालकाला कधींमधीं खरें कोंकरूं मिळतें. मग तो आम्हांला निरोप धाडतो, “गुरुजी, आज कोंकरूं आहे.” इतर दिवशीं बोकडावर समाधान मानावें लागतें, आणि समाधान न मानण्यासारखें त्यांतहि कांहीं नसतें. दोहोंतला फरक चरबीचा आहे. कोंकराच्या चरबीला स्वतःचा असा एक वास आणि गोडवा असतो, व तें तासा-सव्वा तासांत शिजतें. बोकड कोरडा, त्याला अधिक वेळ आणि अधिक धीर लागतो.

या रश्श्याचें मर्म कोठें आहे हें समजावें म्हणून मीं मालकाच्या परवानगीनें दोन-तीनदां त्याच्या चुलीशीं उभें राहून पाहिलें. सारें मर्म ‘भुनना’ या एका हिंदी-पंजाबी क्रियापदांत आहे. आमच्याकडे भाजणें आहे, परतणें आहे, तळणें आहे. हें त्या तिहींच्या मधलें. प्रथम अख्खे मसाले तेलांत टाकावयाचे. मग बारीक चिरलेला कांदा तपकिरी होईपर्यंत परतावयाचा, आणि त्याला अर्धा तास लागला तरी घाई करावयाची नाहीं. कांद्यांतलें पाणी उडून त्यांतली साखर तांबूस होते तेव्हांच रश्श्याला रंग आणि किंचित् गोडी येते. नंतर आलें-लसूण, टोमॅटो, थोडें घोटलेलें दहीं, हळद, तिखट, धण्याची पूड, आणि मग हाडांसकट मांस. येथून खरा व्यायाम सुरू होतो. मोठ्या आंचेवर सारें सारखें हलवावयाचें, तळाशीं लागूं लागलें कीं पाण्याचा एक हबका मारावयाचा, खरवडावयाचें, पुन्हां हलवावयाचें. शेवटीं कडेनें तेल दिसूं लागतें. आमच्या बायकाहि ‘तेल सुटलें’ म्हणतात, पण तें कां सुटतें हें शाळेंत कोणी शिकवीत नाहीं. जोंपर्यंत मसाल्यांत पाणी आहे तोंपर्यंत तेल त्यांत मिसळून राहतें आणि उष्णता शंभर अंशांपाशीं अडकून पडते. पाणी उडालें कीं तेल वेगळें होतें, मसाला शंभराच्या वर तापतो, आणि कच्चेपणाचा वास जातो तो या घटकेस. त्यानंतर पाणी घालावयाचें तें कढत. गार पाण्यानें चढलेली आंच मोडते.

पुढचें काम मंदाग्नीचें. मान, खांदा, पुढचा पाय या जागांच्या मांसांत पांढरे चिवट धागे असतात, त्यांना शास्त्रांत कोलॅजेन म्हणतात. ओल्या उष्णतेंत सावकाश शिजत राहिले कीं त्यांचा सरस होतो. रश्श्याला जो दाटपणा येतो आणि ओठ किंचित् चिकटतात तो याचाच प्रताप. म्हणून या पदार्थाला नुसतें मऊ मांस चालत नाहीं, हाडाजवळचें लागतें. शिट्टीच्या भांड्यांत हेंच काम वीस-पंचवीस मिनिटांत उरकतां येतें. त्यानें मांस मऊ होतें हें खरें, परंतु मसाल्याची व त्याची ओळख व्हावयास वेळ मिळत नाहीं, असें माझें स्पष्ट मत आहे. आमच्या घरचें मत याहून वेगळें आहे, पण तें येथें सांगण्याचें कारण नाहीं.

या हंडींत काय काय येतें तें पाहूं लागलें म्हणजे ‘पंजाबी’ या विशेषणाचीच मौज वाटूं लागते. मिरें आणि हिरवी वेलची दक्षिणेंतल्या सह्याद्रीच्या रानांतलीं. मोठा काळा मसाला वेलदोडा नेपाळ-सिक्कीमकडचा. मिरची आणि टोमॅटो हीं दोन्ही अमेरिका खंडांतून दर्यावर्दी लोकांबरोबर जगभर गेलीं, आणि आपल्या चुलींवर टोमॅटो रुळला तो तर अगदीं अलीकडे. शेवटीं चिमूटभर चुरडून घालतात ती कसुरी मेथी. ती ज्या गांवावरून ओळखली जाते तें कसूर लाहोरच्या दक्षिणेस आहे, आणि १९४७ पासून तें पाकिस्तानांत आहे. पिशवी चिपळूणच्या वाण्याकडे मिळते, आंतला पाला आपल्याच देशांत पिकलेला असतो. सीमेपलीकडे राहिलेल्या गांवाचें नांव मात्र तिच्यावर तसेंच आहे. मूळच्या मालपैकीं पंजाबचें असें काय उरलें? गहूं, दूधदुभतें आणि ती भुनण्याची चिकाटी. आमच्या कोंकणी रश्श्याला भाजलेल्या खोबऱ्याचा आधार असतो, त्यांच्या रश्श्याला कांद्याचा. समुद्रकांठीं नारळ वांकून पाहिला तरी दिसतो, लुधियान्याला तो विकत आणावा लागतो. दोहोंत बरें कोणतें, हा वाद मी घालीत नाहीं. आणखी एक गोष्ट कानाला गोड लागते ती अशी कीं पंजाबी मनुष्य रश्श्याला ‘तरी’ म्हणतो. आम्ही मराठी लोक रश्श्यावर तरंगणाऱ्या तांबड्या तवंगाला तरी म्हणतों. मूळ फारसी ‘तर’ म्हणजे ओला. एकच शब्द तेथें सबंध भांडें भरून राहिला, आमच्याकडे वरच्या थरावर थांबला.

आतां जेवण मांडण्याची रीत. घाटावर मटणाचें ताट मागवा. प्रत्येकाच्या ताटांत त्याच्या वाट्याच्या फोडी, तांबड्या रश्श्याची वाटी, पांढऱ्या रश्श्याची वाटी, भाकरी, सर्व स्वतंत्र येतें. चौघे एका मेजावर बसले तरी चार निराळीं जेवणें चाललेलीं असतात. ढाब्यावर चौघांत एक हंडी येते. ती मध्यें ठेवतात, वाढण्याचा डाव तिच्यांतच असतो, रोट्यांची टोपली एक, बुक्कीनें फोडलेल्या कांद्याची बशी एक. कोणाच्या वाट्याला किती हें मालक ठरवीत नाहीं. तें बसणारांनीं आपसांत ठरवावयाचें. घेतांना शेजाऱ्याकडे पाहावें लागतें, आणि चौथ्यासाठीं किती उरलें याचा अंदाज ठेवावा लागतो. रोटी संपल्यावर आम्ही मात्र भात मागतोंच. सरदारजी हंसतील, पण कोंकणी पोटाला त्याशिवाय जेवण झाल्यासारखें वाटत नाहीं.

ही मांडणी साधी दिसते. आमच्या भागांत ती साधी नव्हती. पंगत हा शब्द मराठींत आहे तसाच पंजाबींत आहे. शिखांच्या गुरूच्या लंगरांत राजा असो कीं भिकारी असो, सर्वांनीं एका रांगेंत जमिनीवर बसून एकच अन्न घ्यावें अशी शिस्त आहे, आणि तिसरे गुरु अमरदास यांनीं आधीं पंगत, मग भेट असा दंडक घातला होता असें परंपरा सांगते. लंगरांत मांस नसतें, तें कोणालाहि बसतां यावें म्हणूनच. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यांत गेल्यास ही पंगत आपणांस डोळ्यांनीं पाहतां येईल. आमच्या मराठी पंगतीला मात्र ‘पंक्तिप्रपंच’ नांवाचें शेपूट आहे. पुण्यास १८९० सालीं पंचहौद मिशनमध्यें चहा घेतल्यावरून रानडे-टिळकांसारख्यांना ग्रामण्याला तोंड द्यावें लागलें. १९२७ सालीं डॉ. आंबेडकर महाडास हजारों लोक घेऊन गेले तेव्हां प्रश्न जेवणाचाहि नव्हता, तळ्यांतल्या ओंजळभर पाण्याचा होता. आमच्या रत्नागिरींत १९३१ सालीं पतितपावन मंदिर उघडलें आणि त्या सुमारास सावरकरांच्या पुढाकारानें सर्व जातींचीं सहभोजनें झालीं. त्यांवरहि थोडें वादंग माजलें नाहीं.

पंजाबांत सारें आलबेल होतें असेंहि कोणीं समजूं नये. लाहोरच्या जातपाततोडक मंडळानें १९३६ सालीं आंबेडकरांना अध्यक्ष म्हणून बोलाविलें आणि त्यांचें भाषण आधीं वाचून बेतच रहित केला. त्या न झालेल्या भाषणांत त्यांनीं साफ म्हटलें आहे कीं नुसत्या सहभोजनानें जातिभेद मरत नाहीं, त्याला मिश्रविवाहच हवा. म्हणून आमच्या हंडीचें मी फार मोठें माहात्म्य सांगत नाहीं. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हां मी सात वर्षांचा होतों. त्या थंडींत गांवचे व वसाहतींतले लोक कित्येक रात्री उघड्यावर निजले, आणि मोठ्या पातेल्यांत शिजलेली खिचडी कोणाच्या हातची आहे हें विचारण्याचें भान कोणास राहिलें नव्हतें. तें भान आठ-पंधरा दिवसांनीं परत आलें, हेंहि सांगितलें पाहिजे.

ढाब्यावर आम्ही चौघे महिन्यांतून एकदां बसतों. मी एक, दुसरे टपालखात्यांतून निवृत्त झालेले, तिसरे वीजगृहांत नोकरी केलेले, चौथे आमच्या पंचक्रोशींतले मुसलमान स्नेही, ज्यांचें आंब्याचें कलम सर्वांना ठाऊक आहे. या चौथ्या स्नेह्यांमुळें एक बारीक व्यवस्था करावी लागली. मुसलमानाला हलाल मांस लागतें, आणि शीख आचारांत तेंच वर्ज्य. त्यांना एका घावाचें, म्हणजे झटक्याचें चालतें. आमच्या मालकानें मुंबईस सरदारजींच्या हाताखालीं झटक्याचें शिजविलें. पोफळीस येऊन त्यानें चिपळूणच्या मुसलमान खाटकाशीं कायमचें ठरविलें. “सरदारजी आले तर काय करशील?” असें मीं विचारलें, तेव्हां त्यानें डाळ-माखनीच्या भांड्याकडे बोट दाखविलें. एका भांड्यांतून सर्वांनीं जेवावयाचें म्हटलें म्हणजे कोणाला तरी असा हिशेब आधीं करून ठेवावा लागतो.

आमचे जे वीजगृहांतले स्नेही, त्यांचे वडील बोगद्याच्या कामावर होते. त्या काळीं रस्त्यावरच्या एका चहाच्या दुकानीं त्यांच्या वस्तीच्या लोकांसाठीं कान तुटलेला कप बाहेर खिळ्याला टांगलेला असे. तो आपण घ्यावयाचा, चहा वरून ओतून घ्यावयाचा, आणि धुऊन पुन्हां टांगावयाचा. डोंगराच्या आंत मात्र सुरुंगाच्या धुरांत पाण्याचें डबडें सर्वांचें एकच होतें, असें ते सांगत. सुमारें पंधरा वर्षांपूर्वीं, ते पंचाहत्तरीच्या पुढें गेलेले असतांना, मुलगा त्यांना एकदां आमच्याबरोबर ढाब्यावर घेऊन आला. बाकाच्या अगदीं टोंकाला ते बसले. हंडी आली, तिच्यांतून वाफ निघत होती, आणि कोणी आधीं हात घालीना. ते आम्हां सर्वांचें घेऊन होण्याची वाट पाहत होते आणि आम्ही त्यांची. टपालवाले शेवटीं म्हणाले, “बाबा, तुम्ही वडील. तुम्हीं हात लावल्याशिवाय आमचें जेवण सुरू कसें व्हावयाचें?” तेव्हां त्यांनीं डाव उचलला, आणि एकेकाला बेतानें, कोणाला कमीजास्त न होऊं देतां, आधीं आम्हां सर्वांना वाढलें. मग हंडींत डाव फिरवून फिरवून त्यांनीं नळी शोधून काढली, ती आपल्या ताटांत घेतली, आणि ती ताटावर आपटून आंतला मगज काढण्याचा जो आवाज झाला त्यानें पलीकडच्या मेजावरचे लोकहि वळून पाहूं लागले.

ते आतां नाहींत. परंतु त्या दिवसापासून आमच्यांत नियम पडला तो असा कीं, वाढावयाचें सर्वांत वडील असेल त्यानें आणि नळी घ्यावयाची त्यानेंच. सांप्रत हा मान टपालवाल्यांकडे आहे. त्यांच्यामागून आंबेवाल्यांचा क्रम लागतो, आणि माझा त्यानंतर. कोंकराच्या हंडींत नशीब असेल तर दोन नळ्या निघतात. दुसरीवर कोणाचा हक्क, याचा निर्णय अद्याप झालेला नाहीं.